मोडेमच्या पेठेतील चुरस

स्मार्टफोनच्या पोटात नखाएवढी एक चिप असते. तिला मोडेम म्हणतात. मनोऱ्याकडून आलेल्या लहरींतून शब्द आणि चित्रे वेचून काढायची व आपले बोलणे पुन्हा लहरींवर चढवायचे, एवढेच तिचे काम. पण या पेठेत मोठमोठ्या पेढ्यांनी हात टेकले आहेत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने २००८ साली अंग काढून घ्यावयाचे ठरविले. एसटी-एरिक्सन ही भागीदारी २०१३ मध्ये मोडली. ब्रॉडकॉमने २०१४ मध्ये गाशा गुंडाळला.

असे का व्हावे? नव्या पिढीचे तंत्र साधले म्हणजे मोडेम तयार झाला, असे नव्हे. मागल्या पिढ्यांच्या बोलीही त्याला याव्या लागतात, आणि देशोदेशीच्या जाळ्यांवर तो पारखून घ्यावा लागतो. ही पारख वर्षानुवर्षांची असते. ती पैसा टाकून एका दिवसात मिळत नाही.

१९८५ साली सॅन डिएगोत निघालेल्या क्वालकॉमपाशी ही पुंजी होती आणि पेटंटेही होती. पेटंटांचा परवाना घेतल्याखेरीज चिप द्यावयाची नाही, असा तिचा रिवाज. चिप दुसऱ्याची घेतली तरी पेटंटांचे देणे चुकत नसे. जकातीची पावती दाखविल्यावाचून पेठेत पाऊल नाही, आणि जकातदारच मोठा दुकानदार! जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या व्यवहारावर दावा लावला. त्याच महिन्यात ॲपलनेही लावला.

ॲपलचा आधार होता इंटेल. इन्फिनिऑनचा मोडेमचा धंदा २०११ साली इंटेलकडे आला होता, आणि २०१८ चे नवे आयफोन इंटेलच्याच मोडेमवर चालत. पण पाचव्या पिढीचा मोडेम इंटेलला वेळेवर साधेना. १६ एप्रिल २०१९ रोजी ॲपल व क्वालकॉम यांचा तह झाला आणि त्याच दिवशी इंटेलने पाचव्या पिढीच्या फोन-मोडेममधून माघार जाहीर केली. तो धंदा ॲपलने सुमारे एक अब्ज डॉलरना घेतला.

मे २०१९ मध्ये न्यायाधीश ल्यूसी को यांनी क्वालकॉमविरुद्ध निकाल दिला. ऑगस्ट २०२० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो फिरविला. कायद्याचा प्रश्न मिटला. पण गिऱ्हाइकाने दुसऱ्या कोणत्या दुकानी जावे, हा प्रश्न त्याने सुटला असे आम्हांस वाटत नाही. तैवानच्या मीडियाटेकने स्वस्त फोनांच्या वाटेने येऊन पाय रोवले, हे खरे. सॅमसंग आणि हुआवे यांनी तर घरचीच चूल मांडली. ॲपलचा स्वतःचा सी-१ हा मोडेम मात्र आयफोन १६ई मध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसला. आणि त्यातही मिलिमीटर लहरींची सोय नव्हती.