शाळेचे फाटक: दुरुस्ती की नवे?

मेळाव्याच्या तयारीच्या बैठकीत सर्वांत जास्त वेळ जेवणाच्या बेतावर जाईल असे वाटले होते. तो गेला शाळेच्या फाटकावर. उसाच्या ट्रॉलीचा धक्का लागून एक झडप वाकली आहे आणि खालच्या पत्र्याची गंजून चाळणी झाली आहे. निम्मे म्हणाले, भंगारात घाला, नवे करू, वर आपल्या बॅचचे नाव टाकू. निम्मे म्हणाले, उशीर झाला की ज्या फाटकाबाहेर आपण मान खाली घालून उभे राहिलो, ते मोडायचे नाही. दोन्ही बाजूंचे ऐकताना मला आपल्या कालव्याचा इतिहास आठवला.

अंथुर्ण्याच्या शिवारात येणारे नीरा डाव्या कालव्याचे पाणी भोर तालुक्यातल्या भाटघरहून सुटते आणि वीरच्या बंधाऱ्यापाशी कालव्यात वळते. वेळवंडी नदीवरचे भाटघरचे पहिले धरण १८९२ साली पुरे झाले. त्याच्या सांडव्यावर स्वयंचलित लोखंडी दरवाजे होते. पाणी ठरलेल्या पातळीवर चढले की दरवाजा आपोआप उघडे आणि उतरले की मिटे. पुराच्या रात्री कोणी चाक फिरवायला नको. पुढे विश्वेश्वरय्यांनी या पद्धतीत सुधारणा केली आणि १९०३ साली त्यांचे दरवाजे खडकवासल्याला बसले.

काही वर्षांत भाटघरचा साठा कमी पडू लागला. तेव्हा जुन्या भिंतीच्या खालच्या अंगाला नवे, उंच धरण बांधले. आज त्यात सुमारे साडेतेवीस टीएमसी पाणी मावते आणि जुनी भिंत त्याच पाण्याच्या पोटात आहे. पण नव्या धरणालाही ४५ स्वयंचलित दरवाजे बसवले. भिंत अपुरी होती, ती बदलली. कल्पना चांगली होती, ती ठेवली.

दुसरी गोष्ट अलीकडची. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री कर्नाटकातल्या तुंगभद्रा धरणाचा १९ क्रमांकाचा दरवाजा वाहून गेला. गेला दरवाजा, पण तुटली होती त्याची साखळी. शेतकऱ्यांच्या हक्काचे पाणी नदीत सोडून पातळी उतरवावी लागली. वाहत्या पाण्यात लोखंडी फळ्या उतरवून आठवड्याभरात ती खिंड तात्पुरती बुजवली. त्यानंतर सर्व ३३ दरवाजे बदलण्याचे ठरले. एका साखळीने सगळ्यांचे वय उघड केले.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, आपल्या फाटकाकडे पाहताना आधी भार कशावर आहे ते पाहू. वाकलेली झडप डोळ्यांत भरते, पण खरे दुखणे खांबात आहे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पायाचा खांब हळूहळू कलतो. मग फाटक जमिनीला घासते, ओढून लावावे लागते आणि बिजागरी झिजते. अशा खांबावर कोरे फाटक टांगले तरी चार पावसाळ्यांत तेही घासू लागेल.

माझे मत असे. बिजागरीच्या बाजूची उभी चौकट हातोडीने ठोकून पाहावी. आवाज भरीव आला तर झडप सरळ करावी आणि खालचा कुजलेला पट्टा कापून नवा जोडावा. चौकटच आतून पोकळ निघाली तर मात्र आठवणींसाठी हट्ट धरू नये, कारण त्या झडपेला रोज मुले लोंबकळतात. फाटक जुने राहो की नवे येवो, खांब मुरूम लागेपर्यंत खोल खणून नव्याने उभे करावेत. उरलेले पैसे नावाच्या पाटीला न घालता दर दोन वर्षांनी पावसाळ्याआधी रंग देण्यासाठी शाळेकडे ठेवावेत.

आपल्या गुरुजींनी वर्गात हेच केले. आमची वाकडी अक्षरे सरळ केली, पण कोणाची वही फाडून टाकली नाही.