तसबिरीमागचे नाव

ऐतिहासिक कादंबरीकाराचे हस्तलिखित जतन करावे, हे आता बहुतेकांस मान्य आहे. परंतु त्याच्या घरची छायाचित्रेही अभिलेखागारात जावीत असे म्हटले की, घरगुती तसबिरींत इतिहास तो कसला, असा प्रश्न येतो.

या प्रश्नाचे उत्तर नांदेडातच सापडते. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' या कादंबरीस नांदेडच्या नरहर कुरुंदकरांची जी प्रस्तावना आहे, ती मुळात कादंबरीकारास लिहिलेले एक दीर्घ पत्र होय. शिवचरित्राच्या साधनांची इतकी निर्भीड छाननी एका खाजगी पत्रात व्हावी आणि ते पत्र हरवू नये, हे मराठी वाचकाचे भाग्यच. कोवाडच्या देसायांचे काय किंवा नांदेडच्या कुरुंदकरांचे काय, आज घरगुती वाटणारा कागद पुढे सर्वांचा होतो. आणि जो न्याय पत्रास, तोच छायाचित्रास.

तथापि पत्राखाली सही असते; चेहरा आपले नाव सांगत नाही. खुद्द शिवछत्रपतींच्या बाबतीत हे घडले. इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच इसमाचे चित्र महाराजांचे म्हणून रूढ झाले होते, वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल चित्र शोधून काढले, तेव्हा ती चूक उघडकीस आली. छत्रपतींची ही गत, तर कादंबरीकाराच्या आजीची वा थोरल्या चुलत्याची कथा काय!

मराठवाड्यात अडचण आणखी एक. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत नांदेड व लातूर निजामाच्या राज्यात होते. सरकारी कारभार व वरचे शिक्षण उर्दूत, घरचे हिशेब पुष्कळदा मोडीत. त्यामुळे जुन्या छायाचित्राच्या पाठीवर नाव असलेच, तरी ते नातवास वाचता येईल असा भरवसा नाही. शिवाय काळ नेहमी सावकाशच येतो असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात दगडमातीच्या जाड भिंती कोसळून हजारो माणसे गेली. तेथे तसबिरी गाडल्या गेल्या, आणि त्यांतील चेहरे ओळखणारेही गेले.

म्हणून संग्रहाचे काम नावांपासूनच सुरू व्हावयास हवे. छायाचित्र गोंदाने चिकटवू नये, त्याच्या पाठीवर शाईने लिहू नये. मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने क्रमांक घालावा, आणि नाव, नाते, गाव व अंदाजे साल निराळ्या वहीत नोंदवावे. उन्हाळ्यात तापणारे पत्रे आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंती, दोहोंपासून ते दूर असावे. नांदेडास १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, लातुरास त्याचे उपकेंद्र आहे. मूळ चित्र घराबाहेर देववत नसेल, तर त्याची प्रत व नोंदवही तरी अशा ठिकाणी सोपवावी.

नावे विचारावयाची ती घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीस. त्यातही तिच्या माहेरच्या माणसांची आधी विचारावीत. सासरच्या वंशावळीत ती कोठेच सापडत नाहीत.