रिव्हेटांची शिवण : बुगाटी अटलांटिकच्या घडणीचा विचार

यंत्राचा आकार गरजेतून जन्मतो, असे यंत्रविद्येच्या इतिहासात सामान्यतः गृहीत धरले जाते. बहुतेक ठिकाणी हे गृहीत टिकतेही. परंतु गरज नाहीशी झाल्यावरही आकार मागे उरतो, तेव्हा त्याचा अर्थ कसा लावावयाचा? आल्सास प्रांतातील मोल्सहाइम येथील बुगाटी कारखान्यात १९३६ ते १९३८ या काळात तयार झालेली 'टाइप ५७ एस अटलांटिक' ही मोटार या प्रश्नाचे उत्तम उदाहरण होय. तिच्या अवघ्या चार गाड्या निघाल्या. 'सुपरकार' ही संज्ञा पुष्कळ नंतर रूढ झाली. तथापि ती पूर्वलक्षी प्रभावाने कोणाला लावावयाची झाल्यास पहिला मान बहुधा हिलाच द्यावा लागेल. पुढील काचेपासून शेपटापर्यंत पाठीच्या कण्याप्रमाणे गेलेली, रिव्हेटांनी जोडलेली उभी पट्टी हे तिचे ओळखचिन्ह आहे. तशीच शिवण मडगार्डांवरूनही धावते.

या शिवणीचा उगम अटलांटिकमध्ये नाही. १९३५ साली पॅरिस व लंडन येथील प्रदर्शनांत बुगाटीने एक प्रायोगिक गाडी मांडली होती. तिचे नाव 'एरोलित', म्हणजे अशनी. ग्रीक घटकांचा विचार करता या शब्दाचा अर्थ 'हवेतला दगड' असा होतो. आणि गंमत अशी की या दगडाचे अंग 'एलेक्ट्रॉन' नामक मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते, असे परंपरा सांगते. हा धातू ॲल्युमिनियमपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने हलका असतो. पण तो थंड असताना ठोकून वाकविणे अवघड, आणि ज्वालेने सांधावयास जावे तर तो पेट घेण्याची भीती. म्हणून अंगाचे डावे व उजवे अर्ध स्वतंत्र घडवावयाचे, दोन्हींच्या कडा बाहेरच्या बाजूस उभ्या वळवावयाच्या आणि त्या एकमेकींना भिडवून रिव्हेट मारावयाचे, असा मार्ग निघाला. शिवण ही येथे अडचणीवरची तोड होती.

पुढच्याच वर्षी अटलांटिक आली ती ॲल्युमिनियमच्या पत्र्याची. ॲल्युमिनियम सांधणे त्या काळीही कारागिरांच्या हातचे काम होते. त्याच एस सांगाड्यावर चढविलेल्या 'आतालाँत' या दुसऱ्या बांधणीचे अंग पाहावे. तेथे शिवणीचा मागमूस नाही. याचा अर्थ एवढाच की अटलांटिकच्या वेळी शिवणीवाचून चालले असते. तरीही ती ठेवली गेली. मराठी वाचकाला येथे 'नांव' या शब्दावरचा जुना अनुस्वार आठवावा. 'नाम' मधील अनुनासिकाची ती खूण. उच्चार लोपला तरी टिंब लेखनात राहिले, आणि १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनंतरच ते पुसले गेले. मात्र साम्य येथेच संपते. टिंब सवयीने टिकले होते, तर शिवण टिकविण्यात आली होती. अंगाचा आराखडा ज्याचा, त्या ज्याँ बुगाटी याने अडचणीची खूण हेच अलंकरण केले. मागील काचेचे दोन लहान तुकडे होऊन चालकाला मागचे धड दिसेनासे झाले, ही किंमतही त्याने मान्य केली.

ज्याँचा जन्म १९०९ चा. आजोबा कार्लो लाकडी सामानाचे नामांकित रचनाकार, चुलता रेम्ब्रांट शिल्पकार, वडील एत्तोरे कारखान्याचे संस्थापक. अशा घरात पत्र्याकडे शिल्पाच्या दृष्टीने पाहिले जावे, यात नवल नाही. पण अटलांटिककडे केवळ शिल्प म्हणून पाहणे हा तिच्यावर अन्याय होईल. तिच्या नावातील 'एस' हे अक्षर 'सुर्बेसे' या फ्रेंच शब्दाचे, म्हणजे 'खाली आणलेली'. सामान्य टाइप ५७ च्या दोन आसांमधील अंतर ३.३ मीटर होते. ते येथे २.९८ मीटरवर आले. मागील आस सांगाड्याच्या तुळयांखालून न नेता तुळयांना भोके ठेवून त्यांतून आरपार नेला गेला, आणि सबंध गाडी जमिनीकडे झुकली. मग एंजिनाच्या बुडाशी तेलाच्या खोल भांड्याला जागा उरेना. तेव्हा तेल वेगळ्या टाकीत ठेवून पंपांनी खेळविण्याची, शर्यतीच्या गाड्यांतील पद्धत स्वीकारावी लागली. ३,२५७ घनसेंटिमीटरचे, एका रांगेत आठ सिलिंडरांचे व माथ्यावर दोन कॅमदांडे असलेले हे एंजिन सुमारे १७५ अश्वशक्ती देई. हवा दाबून भरणारा काँप्रेसर जोडल्यास सुमारे २००. गाडी ताशी २०० किलोमीटरच्या आसपास पोहोचे. एवढ्या वेगाला आवरण्यासाठी मात्र तारांनी ओढले जाणारे ब्रेकच होते. टाइप ५७ ला द्रवदाबाचे ब्रेक मिळाले ते १९३८ साली. एत्तोरेंचा जुन्यावरील लोभ येथे नडला, असेच म्हणावे लागते.

नावाविषयीही सावधगिरी बाळगावयास हवी. आज या गाडीला सरसकट 'एससी' म्हणतात. परंतु 'सी', म्हणजे काँप्रेसर, बहुतेक एस गाड्यांना मागाहून बसविण्यात आला. १९३६ मध्ये लंडनच्या व्हिक्टर रॉथ्सचाइल्ड यांच्याकडे गेलेली पहिली अटलांटिक ही मुळात काँप्रेसरविना होती. 'अटलांटिक' हे नावही आधीच्या 'एरो कूपे'च्या जागी आले, आणि ते डिसेंबर १९३६ मध्ये त्या महासागरावर नाहीसा झालेला वैमानिक ज्याँ मेर्मोझ याच्या स्मरणार्थ दिले, असे सांगतात.

पाठचिकित्सकाला परिचित असलेली अडचण पुढे उभी राहते. मूळ प्रत, म्हणजे एरोलित, हरवली आहे. चारांपैकी ज्याँच्या वापरातील काळ्या गाडीचा १९४१ नंतर माग लागत नाही. दुसरी एक गाडी १९५५ मध्ये रेल्वेच्या फाटकावर आगगाडीखाली चुरडली व पुढे पुनःपुन्हा बांधली गेली. तिच्यातील मूळ किती व पूर्ती किती, हा वादाचा विषय आहे. राहिल्या दोन. ज्याला विचारता आले असते तो ज्याँ ११ ऑगस्ट १९३९ रोजी, त्या वर्षी ल मान्सची शर्यत जिंकलेली गाडी चालवून पाहत असता रस्त्यात आलेल्या सायकलस्वाराला चुकविताना मोल्सहाइमजवळ मरण पावला. तेव्हा त्याचे वय ३० होते.

त्यामुळे एरोलितचे अंग खरोखर एलेक्ट्रॉनचेच होते काय, याचा निर्णय मोजक्या छायाचित्रांवरून करावा लागतो, आणि छायाचित्रात ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम सारखेच दिसतात. एकविसाव्या शतकात कॅनडातील कारागिरांनी एका जुन्या टाइप ५७ सांगाड्यावर, त्या छायाचित्रांच्या आधारे, मॅग्नेशियमच्या पत्र्याचे अंग घडवून दाखविले. तसे अंग करता येते, एवढे त्यावरून ठरते. ज्याँने ते तसे केले होते की शिवण त्याला प्रथमपासूनच केवळ आवडली होती, हे ठरविण्यास तेवढा पुरावा पुरत नाही. तथापि सुंदर दिसते म्हणून कोणी प्रथमच एवढे रिव्हेट मारील, हे संभवनीय वाटत नाही.