राजा हवा की प्रजासत्ताक? सार्वमत म्हणजे काय, ते कुठे झालं आणि गावाला त्यातून काय घेता येईल

चाकण, म्हाळुंगे, हिंजवडीच्या पट्ट्यात गाव महापालिकेत घालायचं का, हा विषय निघाला की पारावर कुणीतरी हमखास म्हणतं, "घ्या की सगळ्या गावाचं मतदान!" अशा मतदानाला सार्वमत म्हणतात. निवडणुकीत आपण माणूस निवडतो. सार्वमतात समोर प्रश्न असतो आणि उत्तर बहुधा दोनच, हो किंवा नाही.

राजाचं काय करायचं, हे लोकांनी ठरवलं तेव्हा

इटलीत २ जून १९४६ रोजी राजा की प्रजासत्ताक यावर मतदान झालं. प्रजासत्ताकाला सुमारे १ कोटी २७ लाख आणि राजाला सुमारे १ कोटी ७ लाख मतं पडली. राजाला देश सोडावा लागला. ग्रीसमध्ये डिसेंबर १९७४ मध्ये सुमारे ६९ टक्के लोकांनी राजेशाही नको म्हटलं. ऑस्ट्रेलियात मात्र १९९९ मध्ये उलटं झालं. तिथे ब्रिटनची राणी प्रमुखपदी ठेवायची की आपला राष्ट्राध्यक्ष आणायचा, असा प्रश्न होता. पण त्यात राष्ट्राध्यक्ष संसद निवडणार होती. लोकांनी थेट निवडावा असं वाटणाऱ्या अनेकांनी 'नाही' म्हटलं आणि राणी राहिली. शेजारच्या नेपाळमध्ये सार्वमत झालंच नाही. २८ मे २००८ रोजी संविधान सभेने राजेशाही संपवली.

भारतात असं झालंय का?

झालंय, सिक्कीममध्ये. तिथल्या राजाला चोग्याल म्हणत. १० एप्रिल १९७५ रोजी तिथल्या विधानसभेने राजपद रद्द करून भारतात सामील होण्याचा ठराव केला आणि चारच दिवसांनी, १४ एप्रिलला, सार्वमत झालं. ठरावाच्या बाजूने ५९,६३७ आणि विरोधात १,४९६ मतं पडली. १६ मे १९७५ रोजी सिक्कीम भारताचं २२ वं राज्य झालं. तरी या मतदानावर टीकाही झाली. तयारीला वेळ मिळाला नाही, आणि राजा नको व भारत हवा या दोन गोष्टी एकाच प्रश्नात बांधल्या होत्या. ज्याला एक हवी आणि दुसरी नको, त्याने शिक्का कुठे मारायचा?

मराठी माणसाच्या जवळचं सार्वमत गोव्यातलं. १६ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, यावर मतदान झालं. विलीनीकरणाचं चिन्ह फूल, वेगळं राहण्याचं दोन पानं. ३४,०२१ मतांनी दोन पानं जिंकली. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः विलीनीकरणाच्या बाजूचे होते. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून त्यांच्या सरकारने आधी राजीनामा दिला होता.

आपल्या जिल्ह्यातलं संस्थान

पुणे जिल्ह्यातलं भोर हे पंतसचिवांचं संस्थान होतं. ते ८ मार्च १९४८ रोजी विलीन झालं. प्रजा परिषदेची चळवळ होती, पण निर्णय संस्थानिकाच्या सहीने झाला, मतपेटी आली नाही. औंधची गोष्ट वेगळी. हे पिंपरी-चिंचवडला लागून असलेलं औंध नव्हे, सातारा जिल्ह्यातलं. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये, देश स्वतंत्र होण्याआधीच, राज्यघटना देऊन कारभार लोकांच्या हाती सोपवला.

आज भारतात असं सार्वमत होऊ शकतं का?

आपल्या राज्यघटनेत देशव्यापी सार्वमताची तरतूद नाही. शिवाय १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने घटनेची मूळ चौकट संसदेलाही मोडता येत नाही असं ठरवलं. प्रजासत्ताक हा त्या चौकटीचाच भाग मानला जातो.

मग गावाच्या हातात काय?

• दारूबंदी. 'उभी बाटली, आडवी बाटली' हे गावपातळीवरचं खरंखुरं थेट मतदान. इथे नुसतं जास्त मतं पडून भागत नाही. महिलांचं मतदान असेल, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. म्हणजे घरी बसलेली बाई नकळत दुकान चालू ठेवते.

• सरपंच. थेट निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी अविश्वास आणला, तरी ग्रामसभेत गुप्त मतदानाने तो मंजूर व्हावा लागतो.

• महापालिकेत समावेश. यावर मतदान नसतं. १९९७ मध्ये मोशी, चिखली, चऱ्होलीसह १८ गावं पिंपरी-चिंचवडमध्ये आली तीही सरकारच्या अधिसूचनेने. आधी मसुदा निघतो, त्यावर हरकती-सूचना मागवतात. ग्रामसभेचा ठराव गावाचं म्हणणं सांगतो, पण सरकारवर बंधनकारक नसतो. म्हणून ठराव तर कराच, पण मुदतीच्या आत लेखी हरकत देऊन पोचही घ्या. नुसतं घोषणा देऊन कागदावर काही राहत नाही.

मतदानाआधी चार गोष्टी विचारा

१. प्रश्न एकच आहे की दोन गोष्टी एकात बांधल्यात?
२. 'नाही' म्हटलं तर पुढे काय होणार?
३. बहुमत मोजायचं ते आलेल्यांचं की यादीतल्या सगळ्यांचं?
४. निकाल बंधनकारक आहे की नुसता सल्ला?

या चार उत्तरांशिवाय हात वर करू नका. राजा ठेवायचा की नाही एवढा मोठा प्रश्न असो, नाहीतर गावातलं दारूचं दुकान, मताची किंमत याच उत्तरांवर ठरते.