पूर्वकथा विष्कंभकापुरतीच

पटकथेच्या कार्यशाळांपासून वर्तमानपत्री परीक्षणांपर्यंत एक मत सध्या सिद्धांतासारखं वापरलं जातं. परग्रहावर, अवकाशात किंवा उद्ध्वस्त पृथ्वीवर जिवासाठी झगडणारा माणूस दाखवायचा असेल, तर आधी त्याची मागची गोष्ट सांगा. त्याचं मूल गेलेलं असावं, बायकोशी फाटलेलं असावं, बापाशी अबोला असावा. त्याशिवाय प्रेक्षक गुंतत नाही. विज्ञानकथेला तर हे अधिकच लागू, कारण तिथलं जग अनोळखी असतं आणि दुःख मात्र सगळ्यांच्या ओळखीचं.

हा पूर्वपक्ष कच्चा नाही. तारकोव्हस्कीचा 'सोलारिस' (१९७२) त्याच्या बाजूने उभा आहे. नायकाची मृत पत्नी काढून घेतली तर त्या चित्रपटात काही उरतच नाही. पण 'सोलारिस'चा प्रश्न जगायचं कसं हा नाही, स्मृतीचं काय करायचं हा आहे. माझा वाद फक्त तगून राहण्याच्या चित्रपटापुरता आहे, आणि तिथे हे मत मला साफ चुकीचं वाटतं.

पडद्याबाहेरचा पुरावा आधी पाहू. १२ नोव्हेंबर २०२३ ला, ऐन दिवाळीच्या पहाटे, उत्तरकाशीजवळचा सिल्क्यारा बोगदा ढासळला आणि ४१ कामगार आत अडकले. सतरा दिवस देश त्या बोगद्याच्या तोंडाशी बसून होता. त्यातल्या एकाचं तरी पूर्वचरित्र आपल्याला ठाऊक होतं का? आपण रोज विचारत होतो ते एवढंच, की आज सुटकेचा पाइप किती मीटर आत गेला. खणणारं यंत्र तुटलं तेव्हा पोटात खड्डा पडला. शेवटचे दहा-बारा मीटर माणसांनी हातांनी खणले तेव्हा श्वास रोखला गेला. वाहिन्यांनी घरच्यांच्या मुलाखती दाखवल्या हे खरं, पण त्या आपण पाहिल्या, कारण आधीच गुंतलो होतो. गुंतणं आधी, चरित्र नंतर. प्रचलित मत नेमका हा क्रम उलटा करतं.

विदर्भातल्या वणीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. या तालुक्यात उकणी, नीलजई, कोलारपिंपरी अशा कोळशाच्या खुल्या खाणी आहेत, आणि राजूरच्या बाजूला भूमिगत खाणीत उतरलेली माणसं घराघरांत आहेत. भूमिगत कामात छताखाली उभं राहण्याआधी सब्बलीने छत ठोकून पाहतात. आवाज घट्ट आला तर ठीक, पोकळ आला तर मागे सरायचं. त्या क्षणी ठोकणाऱ्याच्या घरी काय चाललंय हे कळायची शेजारच्याला गरज नसते. त्याचा कान आवाजाकडे असतो, आणि त्याची सारी सहानुभूती त्या सब्बलीच्या टोकाशी गोळा झालेली असते. असा प्रसंग पडद्यावर नीट दाखवला, तर खाण कधी न पाहिलेला प्रेक्षकही तसाच कान देईल.

आपल्या काव्यशास्त्रानेही हेच सांगितलं आहे. भरताच्या रससूत्रात विभाव (भावाची कारणं), अनुभाव (त्याच्या बाह्य खुणा) आणि व्यभिचारी (येते-जाते) भाव आहेत. पात्राचं पूर्वचरित्र ही रसनिष्पत्तीची अट कुठेच नाही. भट्टनायकाने तर साधारणीकरण सांगितलं: भाव अमक्याचा किंवा तमक्याचा राहत नाही, तेव्हाच तो आस्वाद्य होतो. मग 'हा कोण, कुणाचा, कुठला' हे ठसवत बसणं म्हणजे त्या वाटेवर उलटं चालणं नव्हे काय?

यावर कुणी म्हणेल, की संस्कृत नाटकाला पूर्वकथा लागतच होती. लागत होती, आणि म्हणूनच तिच्यासाठी वेगळी जागा ठरवून दिली होती. अंकाआधीचा विष्कंभक: होऊन गेलेलं आणि पुढे होणारं थोडक्यात सांगायचं, तेही बहुधा दुय्यम पात्रांच्या तोंडून, आणि लगेच बाजूला व्हायचं. ज्या वणीत संस्कृतचे अभ्यासक राम शेवाळकर हे महाविद्यालयाचे प्राचार्य होते, तिथे कालिदासाचा दाखला द्यायला संकोच नको. 'शाकुंतला'चं सारं कथानक ज्यावर फिरतं तो दुर्वासाचा शाप चौथ्या अंकाच्या विष्कंभकात उरकला आहे. दुर्वास रंगमंचावर येत नाही, त्याचा आवाज तेवढा येतो. दोन सख्या फुलं वेचता वेचता ऐकतात, एक धावत जाऊन उःशाप मिळवते, संपलं. कालिदासाने शापाला एवढंच दिलं, कारण त्याला शकुंतलेच्या निरोपासाठी जागा हवी होती.

आता चित्रपट. 'एलियन' (१९७९) मधल्या रिप्लीची मागची गोष्ट आपल्याला जवळजवळ काहीच कळत नाही. तिची ओळख होते ती एका निर्णयातून. चेहऱ्यावर अज्ञात प्राणी चिकटलेल्या सहकाऱ्याला घेऊन दोघे यानाच्या दाराशी येतात, कप्तान दार उघडायला सांगतो, आणि ती नियमावर बोट ठेवून नकार देते: चोवीस तास विलगीकरण. ती निर्दय वाटते आणि बरोबरही असते. दार उघडतो दुसराच, आणि तिथून मरण आत शिरतं. बालपणाच्या दहा आठवणींनी हे साधलं नसतं. पुढचा 'एलियन्स' (१९८६) तर आयता प्रयोगच आहे. रिप्ली सत्तावन्न वर्षं झोपून उठते आणि तिची मुलगी दरम्यान म्हातारी होऊन वारली असं तिला कळतं, हा प्रसंग चित्रित झाला होता. चित्रपटगृहांत गेलेल्या प्रतीतून तो काढला गेला. तरी न्यूट नावाच्या छोट्या मुलीसाठी रिप्ली परत त्या प्राण्यांमध्ये शिरते, तेव्हा कुणालाही 'का?' असा प्रश्न पडला नाही. प्रसंग नंतरच्या वाढीव आवृत्तीत आला. चांगला आहे, पण त्याच्यावाचून काही अडलं नव्हतं.

प्रतिपक्षाचं हुकमी पान म्हणजे 'ग्रॅव्हिटी' (२०१३). त्यातल्या रायन स्टोन या नायिकेची चार वर्षांची मुलगी खेळताना पडून गेलेली आहे. पण हे किती सांगितलंय ते मोजा. प्राणवायू संपत आलेला, दोघं दोरीने बांधलेले, आणि सहकारी कोवाल्स्की तिला बोलतं ठेवतो; त्या बोलण्यात चार वाक्यं. भूतकाळाचं एकही दृश्य नाही, ह्यूस्टनची नियंत्रण खोलीसुद्धा दिसत नाही. मुलगी गेल्यापासून ती नुसती गाडी चालवत राहते, हा तपशील टिकतो, कारण पुढे सोयूझमध्ये ती इंजिन बंद पडलेल्या यानात बसून रेडिओवर एका अनोळखी माणसाचा आवाज ऐकते आणि तिथेच हार मानू पाहते. म्हणजे 'ग्रॅव्हिटी' विष्कंभकाची मर्यादा पाळतो, आणि म्हणून तो साक्षीदार माझ्या बाजूचा आहे. मर्यादा मोडली की काय होतं ते '६५' (२०२३) मध्ये दिसतं: डायनोसॉरांच्या पृथ्वीवर कोसळलेला वैमानिक, आणि मध्येमध्ये आजारी मुलीची ध्वनिचित्रमुद्रणं. प्रत्येक वेळी भीती विरते.

मग काहीच सांगायचं नाही? तसं नव्हे. विज्ञानकथेला पूर्वकथा लागते ती माणसाची नव्हे, जगाची. हवा किती उरली, आवाज केला तर काय होतं, मदत यायला किती दिवस, हे प्रेक्षकाला माहीत नसेल तर पात्राचा निर्णय धाडसाचा की मूर्खपणाचा हे त्याला कळणारच नाही. 'द मार्शियन' (२०१५) मध्ये वॉटनीच्या आईवडिलांबद्दल ओझरता उल्लेख येतो, पण मंगळाच्या मातीत बटाटा रुजवायला खत कुठून आणि पाणी कसं, हे सविस्तर येतं. कोरडवाहू कपाशी पिकवणाऱ्या वणी तालुक्यातल्या शेतकऱ्याला त्या माणसाबद्दल आणखी काही सांगायची गरज नाही. पहिला कोंब दिसला की तो त्याचा झाला. जयंत नारळीकरांची 'हिमप्रलय' ही कथा पाहा. मुंबईत बर्फ पडतो, आणि मागची गोष्ट येते ती वसंत चिटणीस या शास्त्रज्ञाच्या इशाऱ्याची, हवामानाच्या कारणांची. चिटणीसांच्या घरगुती दुःखाची नव्हे. मराठी विज्ञानकथेने हे प्रमाण फार पूर्वीच ओळखलं होतं.

माझी कसोटी साधी आहे. भूतकाळातली जी गोष्ट समोरच्या संकटातला एखादा निर्णय बदलते, ती ठेवावी. जी केवळ कीव मागते, ती काढावी. विदर्भात आज लघुपट करणारी मुलं पुष्कळ आहेत आणि कॅमेरा आता परवडतो. त्यांना माझं सांगणं आहे: विज्ञानकथेची संहिता लिहून झाली की खाणीत पाळी करणाऱ्या एखाद्या माणसाला ती वाचून दाखवा, आणि तो जिथे 'मग पुढे?' असं विचारायचं थांबेल, तिथून पुढचं पान फाडा.