न पुसलेल्या नोंदींचं घराणं

मुक्तस्रोत डेटाबेस धंद्याच्या कामात विकतच्या डेटाबेसची बरोबरी करेल का, हा प्रश्न निघाला की चर्चा लायसन्सच्या खर्चावर जाते. मला त्याचं उत्तर पोस्टग्रेसच्या पोटात सापडलं, टाकून दिलेल्या एका कल्पनेत.

ठळक टप्पे सर्वांना ठाऊक आहेत: १९७० चा कॉडचा रिलेशनल डेटाबेसवरचा निबंध, मग बर्कलीत स्टोनब्रेकर आणि वाँग यांचा इन्ग्रेस, १९८६ पासून तिथेच पोस्टग्रेस.

या पोस्टग्रेसमध्ये रो बदलली तरी जुनी पुसायची नाही, नवी वेगळी लिहायची, असा नियम होता. रोजमेळात चुकलेली रक्कम न खोडता खाली दुरुस्तीची नोंद घालतात, तसाच. स्टोनब्रेकरना त्यातून दोन गोष्टी साधायच्या होत्या. गेल्या वर्षी अमक्याचा पगार किती होता, हे डेटाबेसलाच विचारता यावं. आणि यंत्र मध्येच कोसळलं तर लॉग न चाळता ते लगेच उभं राहावं.

दोन्ही हेतू बारगळले. भूतकाळात डोकावण्याची सोय जागा खायची, वेग मारायची. १९९७ च्या ६.२ आवृत्तीत ती काढली. लॉगही २००१ मध्ये आलाच. पण मधे, १९९९ च्या ६.५ मध्ये, मुक्तस्रोत पोस्टग्रेसचे विकासक वादिम मिखेयेव यांनी त्याच साठवणीतून तिसरं काम करून घेतलं. एकजण रो बदलत असताना वाचणाऱ्याला जुनी प्रत दाखवायची, म्हणजे वाचणाऱ्याने आणि लिहिणाऱ्याने एकमेकांसाठी थांबायला नको. तोवर अख्ख्या टेबलाला लॉक लागायचं. शेकडो माणसं एकाच वेळी बिलं फाडत असतील, तर धंद्याला नेमकं हेच हवं असतं.

ही सोय म्हणजे ऑरॅकलची नक्कल, असं काहीजण म्हणतात. ऑरॅकल १९८४ पासून असं वाचू देतं, हे खरं. पण ते रो जागच्या जागी बदलतं आणि जुनं अन्डू नावाच्या वेगळ्या जागेत ठेवतं. नक्कल करणाऱ्याने अन्डूच उचलला असता. इंटरबेस या दुसऱ्या डेटाबेसची नक्कल, हा दावा अधिक वजनदार आहे, कारण तिथेही जुन्या आवृत्त्या टेबलातच राहतात. तरी तिथे नवी रो मूळ जागा घेते आणि जुनी तिच्या मागे जोडली जाते. माझ्या मते निकाल लावतात ते रो कोणत्या व्यवहाराने आणली आणि कोणत्या व्यवहाराने बाद केली हे टिपणारे एक्समिन आणि एक्समॅक्स हे दोन रकाने. ते स्टोनब्रेकर यांच्या १९८७ च्या निबंधात आहेत, आणि आजचा पोस्टग्रेसही नाव घेऊन मागितले तर ते दाखवतो. मिखेयेव यांना सामान घरातच मिळालं होतं.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये अशी सोय २००५ मध्ये आली, आयबीएमच्या डीबी२ मध्ये २००९ मध्ये. या एका बाबतीत हे दोन विकतचे डेटाबेस मागून आले, आणि मला ते फार मोठं वाटतं.

वारशाची किंमतही आहे. मेलेल्या रो साचतात, त्या साफ करणारा व्हॅक्यूम सतत चालवावा लागतो. एका रोच्या बदलापायी सगळ्या इंडेक्सांत नव्या नोंदी पडतात, ही तक्रार मांडत उबरने २०१६ मध्ये मायएसक्यूएलकडे जाण्याची कारणं सांगितली. इंडेक्समधला रकाना बदलत नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर २००८ च्या ८.३ आवृत्तीपासून तो भार टळतो. पण इंडेक्स पुष्कळ आणि त्यांतलेच रकाने सतत बदलणारे असतील, तर ऑरॅकलचा अन्डू आजही सरस ठरतो.