खरमोराचे गवत

इंग्रजीत ज्याला ग्राउज म्हणतात, तो थंड प्रदेशातला पक्षी भारतात नाही. आपल्या माळरानावरील पखुर्डीला इंग्रजांनी 'सँडग्राउज' म्हटले खरे, पण तिचे कुळ निराळे. शिकारीची हौस मात्र समुद्र ओलांडून आली, आणि १८१८ च्या मंदसोर तहानंतर महूला छावणी पडल्यावर माळव्यातही स्थिरावली. तिच्या तडाख्यात जे पक्षी सापडले, त्यांत एक खरमोर होता.

महाराष्ट्रात यालाच तणमोर म्हणतात. खर काय, तण काय, दोन्ही गवतच. आपण मात्र इंदुरात राहून दोन्ही नावे विसरलो. पावसाळ्यात काळाकुळकुळीत नर गवताबाहेर उंच उसळी मारतो, आणि दिवसभरात अशा शेकडो उसळ्या घेतो. युरोपातला काळा ग्राउजही मादीसाठी उघड्यावर असाच मिरवतो. साहेबांना उसळत्या नरावर नेम धरणे सोपे जाई; विणीचा काळ आहे, याचा मुलाहिजा थोड्यांनीच ठेवला.

तरीही तो टिकला, कारण गवत टिकले होते. होळकर, शिंदे, पवार या संस्थानांना घोड्यांसाठी चारा लागे. त्यासाठी राखलेल्या कुरणांना माळव्यात बीड म्हणतात. पावसाळाभर तेथे गुरांना मज्जाव, कापणी पाऊस सरल्यावर. तोवर जमिनीवर घातलेल्या अंड्यांतून निघालेली पिल्ले उडू लागलेली असत. पक्ष्याचा विचार कोणी केला नव्हता. घोड्याच्या पोटाने त्याला वाचवले.

घोडे गेले, संस्थाने गेली, आणि १९७० नंतर सोयाबीन आले. सरकारी नोकरीत असताना चरनोईची जमीन पट्ट्याने देण्याच्या कितीतरी फायलींवर मीही सह्या केल्या. भूमिहीनाला जमीन मिळते आहे, याचे समाधानच वाटे. त्या गवतात कोण राहते, हा रकाना फायलीत नव्हता, आणि मलाही तो सुचला नाही.

डॉ. सलीम अली यांच्या सूचनेवरून १९८३ मध्ये रतलाम जिल्ह्यात सैलाना आणि धार जिल्ह्यात सरदारपूर ही खरमोर अभयारण्ये झाली. सैलान्याचे क्षेत्र जेमतेम १३ चौरस किलोमीटर. सरदारपूरचे ३४८, पण त्यात गावेच्या गावे आली. खाजगी शेताच्या खरेदी-विक्रीवर बंधने पडली. ऐन गरजेला ज्याला आपले शेत विकता येईना, त्याला खरमोर वैरी वाटला तर दोष कोणाला द्यावा? रतलामकडे पुढे निराळी वाट काढली गेली: शेतात खरमोर दिसल्याची खबर देणाऱ्या शेतकऱ्याला रोख बक्षीस. मला ही रीत अधिक शहाणपणाची वाटते, मात्र ती फार उशिरा सुचली. २०२१ मध्ये हा पक्षी जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त ठरला.

निवृत्तीनंतर एका श्रावणात सैलान्याला गेलो. गवत कमरेइतके वाढले होते. दोन तास उभा राहिलो. एकही उसळी दिसली नाही. परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना सोयाबीनच होते.